चमचा उलटा करून बघा : जुन्या जर्मन चांदीच्या काट्या-चमच्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात युरोपातल्या जुन्या चांदीच्या भांड्यांबद्दल थोडं लिहिलं होतं, आणि त्यावर आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त प्रश्न जर्मन काट्या-चमच्यांबद्दलच निघाले. त्यात नवल नाही म्हणा, आपली किती मुलं-मुली आज स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टकडे नोकरीला आहेत, सुट्टीच्या दिवशी तिथल्या जुन्या बाजारात चक्कर मारायची आणि काहीतरी छान दिसलं की घ्यायचं असं चालू असतं, आणि घेऊन आल्यावर मग प्रश्न पडतो की हे नक्की आहे काय. ज्यांनी फोटो पाठवले त्यांचे विशेष आभार, फोटोशिवाय उत्तर देणं खरंच अवघड जातं.

ताई, मी स्टुटगार्टला असते. इथल्या फ्ली मार्केटमध्ये सहा मोठे चमचे आणि सहा काटे घेतले. मागे चंद्रकोर, मुकुट, ८०० आणि एक पक्षी असे छाप आहेत. विकणारे आजोबा म्हणाले १८५० चं आहे. खरं असेल का?

चांदी खरी आहे, १८५० मात्र नाही. हे इतकं ठामपणे सांगता येतं कारण चंद्रकोर आणि मुकुट ही जोडी जर्मनीत एका कायद्याने आली. जर्मन साम्राज्याने १६ जुलै १८८४ ला सोन्या-चांदीच्या शुद्धतेचा कायदा केला आणि तो लागू झाला १ जानेवारी १८८८ पासून. त्याआधी प्रत्येक शहराचे, प्रत्येक संस्थानाचे नियम वेगळे होते, छाप वेगळे होते, मग १८७१ मध्ये देश एक झाला आणि हळूहळू हेही एक केलं. चांदीच्या भांड्याला चंद्रकोर आणि मुकुट, सोन्याला सूर्य म्हणजे गोल आणि त्यात मुकुट, आणि शेजारी शुद्धता हजारात किती ते आकड्यात. ८०० म्हणजे हजारात आठशे भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. चांदीच्या भांड्यावर चंद्रकोर-मुकुट मारायचा तर कमीत कमी ८०० हवीच.

आता दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा कारण इथेच बहुतेक लोक चुकतात. पहिली, हा छाप सरकारी तपासनीस मारत नाही. इंग्लंडमध्ये कसं, वस्तू ॲसे ऑफिसला, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीत जाते, तिथे तपासून छाप पडतो आणि वर्षाचं अक्षरही पडतं, तसं जर्मनीत नाही, कारखानदार स्वतःच छाप मारतो आणि त्याची जबाबदारीही त्याचीच, म्हणून सोबत कारखान्याची खूण लागते. दुसरी, यात वर्षाचं अक्षर नसतं. त्यामुळे चंद्रकोर-मुकुट दिसला की एवढंच कळतं की वस्तू १८८८ नंतरची. १८९० ची असेल, १९२५ ची असेल, १९६० ची पण असू शकेल, कारण हा छाप पुढेही चालू राहिला. जी काही तारीख काढायची ती बाकीच्या खुणांवरून.

तुमच्या फोटोतला पक्षी मोठा करून बघितला, तो गरुड आहे, आणि ८०० च्या शेजारचा हा गरुड म्हणजे हाइलब्रोनचे ब्रुकमान. १८०५ मध्ये सुरू झालेलं घराणं, एके काळी जर्मनीतला सगळ्यात मोठा चांदीच्या वस्तूंचा कारखाना, १९७३ ला बंद पडला. म्हणजे तुमचा सेट १८८८ ते १९७३ या मधला झाला, आणि हा पट्टा अजून लहान करायचा तर नक्षी बघायची. तुमच्या चमच्यांच्या दांड्यावर लांब वळणाचे देठ आणि कळ्या आहेत, ही १९०० च्या आगेमागे जी लाट आली होती तिची नक्षी, त्यामुळे मी १९०० ते १९१४ असं म्हणेन. पण हे नक्षीवरून म्हणतेय, छापावरून नाही, हा फरक मनात ठेवा. आणि त्या आजोबांवर रागावू नका, बाजारात सगळेच पन्नास वर्षं जास्तीची सांगतात.

ठाण्याहून लिहितोय. काका १९७० च्या दशकात जर्मनीत होते, त्यांनी आणलेला २४ नगांचा सेट आमच्याकडे आहे. त्यावर ९० आणि ४५ असे आकडे आहेत. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की ९० टक्के चांदी आहे. सराफ म्हणतो यात चांदीच नाही. तो फसवतोय का?

सराफ खरं बोलतोय, आणि तुमच्यासारखा गैरसमज जर्मनीत राहणाऱ्यांचाही होतो. हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून सविस्तर सांगते.

९० हा टक्का नाही आणि शुद्धताही नाही, ते ग्रॅम आहेत. मुलामा चढवलेल्या, म्हणजे प्लेटेड काट्या-चमच्यांसाठी जर्मनीत अशी पद्धत पडली की बारा मोठे चमचे आणि बारा काटे, ज्यांचा एकूण पृष्ठभाग २४ चौरस डेसीमीटर धरतात, एवढ्यावर किती ग्रॅम चांदी चढवली ते छापायचं. ९० म्हणजे त्या चोवीस नगांवर मिळून ९० ग्रॅम. भागाकार करा, एका नगावर पावणेचार ग्रॅम. याउलट ८०० छापाचा भरीव मोठा चमचा साधारण ६० ग्रॅमचा धरला तर त्यात ४८ ग्रॅम शुद्ध चांदी असते. पावणेचार कुठे आणि अठ्ठेचाळीस कुठे. दुसरा आकडा ४५ हा त्याच जातीच्या एका डझनावर किती चांदी बसली त्याचा, म्हणून लहान चमच्यांवर हा दुसरा आकडा कमी दिसतो, तेव्हा 'याच्यावर वेगळाच नंबर आहे, हा दुसऱ्या सेटचा' असं समजू नका. काही मालावर ९० ऐवजी ६० असतं, काहींवर १०० किंवा १५० पण असतं, जितका आकडा मोठा तितका थर जाड आणि टिकाऊ.

आत काय असतं? बहुतेक वेळा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. नावं बघा, डब्ल्यूएमएफ म्हणजे गाइसलिंगेनचा कारखाना, दानिएल श्ट्राउब यांनी १८५३ मध्ये सुरू केलेला, १८८० पासून तो डब्ल्यूएमएफ झाला. वेलनर म्हणजे सॅक्सनीतल्या आउए गावचे, त्यांच्या एका छापात चक्क हत्ती असतो. ब्रेमेनची बीएसएफ. या सगळ्यांचा हॉटेलांना आणि मध्यमवर्गीय घरांना लागणारा प्लेटेड माल प्रचंड प्रमाणात बनला. पण सावधान, यातल्या काहींनी भरीव चांदीचा मालही केलाय, म्हणून नुसत्या नावावरून ठरवायचं नाही, आकडा आठशे किंवा त्याहून मोठा आहे की दीडशेच्या आतला ते आधी बघायचं. ८००, ८३५, ९००, ९२५ असेल तर चांदी, ६०, ९०, १०० असेल तर मुलामा. जुन्या डब्ल्यूएमएफवर आय आणि ओ मध्ये तिरकी रेघ असा छाप येतो, तोही मुलाम्याचा दर्जाच.

आणि सराफाकडे किंमत नाही म्हणून सेट बाजूला टाकू नका. चांगल्या ९० च्या मालाने रोज जेवा, तो त्यासाठीच बनवलाय, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. चमच्याच्या खोलगट भागाच्या मागे जिथे तो टेबलाला टेकतो तिथे सगळ्यात आधी मुलामा जातो आणि पिवळसर धातू दिसायला लागतो, तेवढं तपासा.

आजोबांच्या कपाटात एक जाडजूड चमचा सापडला. त्यावर १३ आकडा, दुसरी दोन अक्षरं आणि मागच्या बाजूला नागमोडी ओरखडा आहे. मुकुट वगैरे काही नाही. ओरखडा पॉलिश करून काढू का? (नाशिक)

अजिबात नको! तो ओरखडा हीच त्या चमच्याची सगळ्यात मोलाची खूण असू शकते. जुन्या काळी तपासनीस वस्तूतून बारीकसा कीस काढून चांदी तपासायचा आणि तो कीस काढताना हत्यार असं डुलवत चालवायचा की मागे नागमोडी रेघ उरायची. ती रेघ म्हणजे कोणीतरी खरोखर चांदी तपासल्याचा पुरावा.

१३ म्हणजे तेरा लोट. १८८८ च्या आधी जर्मन प्रदेशांत शुद्ध चांदी म्हणजे सोळा लोट धरायचे. बारा लोट म्हणजे हजारात ७५०, तेरा म्हणजे ८१२.५, चौदा म्हणजे ८७५, पंधरा म्हणजे ९३७.५. उत्तरेकडे बारा लोटचा माल बराच, दक्षिणेत बव्हेरिया-वुर्टेमबर्गकडे तेराचा बराच. म्हणजे तुमच्या चमच्यातली चांदी नंतरच्या ८०० पेक्षा किंचित सरसच आहे. फोटोतलं लांबट, व्हायोलिनसारखं खांदे असलेलं दांड्याचं टोक बघता एकोणिसाव्या शतकाचा पहिला अर्धा भाग असावा. दोन अक्षरं म्हणजे सोनाराच्या नावाची आद्याक्षरं. शहराचा छाप सापडला तर सोनार कोण हेही शोधता येतं कारण जर्मन शहरांतल्या सोनारांच्या खुणांच्या याद्या फार मेहनतीने केलेल्या आहेत. काय शोधायचं ते सांगते: आउग्सबुर्गचं पाइनचं शंकूसारखं फळ, न्यूर्नबर्गचं एन, हॅम्बुर्गचा तीन बुरुजांचा किल्ला, बर्लिनचं अस्वल, ब्रेमेनची किल्ली, ल्युबेकचा दोन डोक्यांचा गरुड. आउग्सबुर्गचं विशेष म्हणजे १७३५ पासून त्या फळाखाली एक अक्षर यायचं आणि ते ठरावीक काळाने बदलायचं, त्यामुळे आउग्सबुर्गचा चमचा काही वर्षांच्या आत तारखेला बसवता येतो, जर्मन चांदीत असं सुख दुसरीकडे क्वचित.

भिंग घ्या, किंवा मोबाईल मॅक्रोवर टाकून खिडकीजवळ तिरप्या उजेडात फोटो काढा. वरून फ्लॅश मारलात तर छाप सपाट होऊन जातो.

मुंबईच्या चोर बाजारात एक सजावटीचा चमचा मिळाला. दांड्यावर शिडाचं जहाज, वर बाळ देवदूत, मागे चार-पाच छाप, एक पाइनच्या फळासारखा, एक मुकुट घातलेलं अक्षर, शिवाय इंग्लिश वाटणारे छाप. दुकानदार म्हणाला सतराव्या शतकातला आउग्सबुर्गचा.

हे बहुतेक हानाउ. फ्रँकफर्टजवळचं गाव, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे जुन्या थाटाची चांदी बनवणारे कितीतरी कारखाने होते, नेरेसहाइमर आणि श्लाइसनर ही त्यातली मोठी नावं. जुन्या वस्तूंची तेव्हा युरोप-अमेरिकेत फार हौस होती, मग जहाजं, पवनचक्क्या, बाळ देवदूत, गावातले नाचणारे लोक असं सगळं घडवायचं आणि मागे आउग्सबुर्ग, न्यूर्नबर्ग, पॅरिस यांच्या जुन्या छापांसारखे दिसणारे छाप मारायचे. असे छाप एका ओळीत छान नीटनेटके, सगळे सारख्या झिजेचे दिसतात. खऱ्या जुन्या चमच्यावर शहराचा छाप आणि सोनाराचा छाप वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वेळी पडलेला असतो, एक तिरका, एक अर्धवट, आणि चमचा वापरलेला असल्याने झिजलेला. हा फरक एकदा डोळ्यात बसला की पुन्हा चुकत नाही.

तुमच्या बाबतीत त्या इंग्लिश छापांनीच काम केलंय. परदेशी चांदी ब्रिटनमध्ये विकायची तर तिथल्या ॲसे ऑफिसातून तपासून घ्यावी लागे, आणि तिथे दशांश चिन्हासकट .९२५, ऑफिसचा आयात छाप आणि वर्षाचं अक्षर पडायचं. तुमच्या चमच्यावर दोन पानांसकट ओकचं फळ दिसतंय, तो इंग्लंडमधल्या चेस्टर शहराच्या ऑफिसचा आयात छाप. नेरेसहाइमरचा माल ब्रिटनमध्ये आणणारे बर्थोल्ड म्युलर यांचा छाप चेस्टरबरोबर नेहमी सापडतो, तेव्हा बी. एम. अक्षरं दिसतात का बघा. वर्षाचं अक्षर चेस्टरच्या तक्त्यात बसवलंत की अगदी नेमकं साल हातात येईल. म्हणजे बघा, जर्मन छाप खोटं बोलतात आणि इंग्लिश छाप खरं सांगून टाकतो. चमचा शंभरेक वर्षांचा आहे, कारागिरी सुंदर आहे, फक्त तो सतराव्या शतकातला नाही. त्या हिशोबाने पैसे दिले असतील तर छानच घेतलाय.

ताई, म्युनिकला एका लिलावात डझनभर चमचे घेतले, ८००, चंद्रकोर-मुकुट सगळं आहे. पण प्रत्येकावर दुसऱ्याच कुणाची तरी आद्याक्षरं आणि १९०८ कोरलंय. सासूबाई म्हणतात दुसऱ्याचं नाव घरात नको, घासून काढून आपलं टाका. इथला सोनार करून देईल म्हणाला. काय करू?

या प्रश्नाला मी थोडी जास्त जागा देणार आहे.

आधी तारखेचं. १९०८ हे कोरल्याचं साल, बनवल्याचं नसेलही, पण लग्नासाठी किंवा बारशासाठी घेतलेल्या वस्तूंत हे दोन्ही बहुधा जवळजवळच असतात. जर्मन घरांत मुलीला लग्नात चादरी, टेबलक्लॉथ, काटे-चमचे द्यायचे आणि त्यावर पुष्कळदा मुलीच्या माहेरच्या नावाची अक्षरं असायची. आपल्याकडे रुखवतातल्या स्टीलच्या डब्यावर नाव-तारीख घालून घेतात, अगदी तसंच. म्हणजे तुमच्या चमच्यांवर १९०८ मध्ये लग्न झालेल्या एखाद्या मुलीचं माहेर लिहिलंय असं समजायला हरकत नाही.

आता न घासण्याचं कारण. घासलं की धातू पातळ होतो, दांड्यावर खोलगा पडतो जो बोटाला लागतो आणि प्रकाशात दिसतो, आणि जाणकार गिऱ्हाईक तो चमचा परत ठेवून देतं. हे व्यवहाराचं झालं. पण माझं खरं कारण वेगळं आहे. २१ फेब्रुवारी १९३९ ला नाझी सरकारने फर्मान काढलं की जर्मनीतल्या ज्यूंनी आपल्याकडचं सोनं, चांदी, रत्नं दोन आठवड्यांत सरकारी खरेदी केंद्रांवर जमा करायची, ही केंद्रं म्हणजे बहुतेक ठिकाणी नगरपालिकेची गहाणखाती होती. लग्नाची अंगठी आणि माणशी मोजकेच काटे-चमचे ठेवायची मुभा होती. मोबदला म्हणून जे दिलं ते नाममात्र. बरीचशी चांदी वितळवून टाकली, काही बाजारात विकली गेली, काही म्युझियमनी घेतली. तुमच्याच गावातल्या बव्हेरियन नॅशनल म्युझियमकडे अशा वस्तू होत्या आणि गेल्या काही वर्षांत त्यांनी चिकाटीने वारस शोधून, जगभर जाऊन, त्या परत केल्या. एखादा मेणबत्तीचा स्टँड, एखादा पेला, कुणाच्या तरी पणजीचा. पुष्कळ घरांकडे त्यांच्या माणसांची एवढीच एक वस्तू आता उरलेली आहे.

तुमचे चमचे त्यातलेच आहेत असं मी म्हणत नाहीये. १९०८ च्या लाखो चमच्यांपैकी बहुतेक नुसते वाटणीत किंवा आजीच्या मागे घर रिकामं करताना विकले गेलेत. पण कुठले कसे आले हे वरून कळत नाही, आणि ती अक्षरं, ते साल, कारखान्याची खूण आणि विकणाऱ्या सराफाचं नाव कोरलेलं असेल तर ते, एवढ्याच धाग्यांवरून कधीतरी कुणीतरी शोध लावतं. तो धागा आपण घासून काढू नये असं मला मनापासून वाटतं. लिलाव करणाऱ्यांना विचारा हे चमचे कुठल्या घरातून आले, आणि माग्डेबुर्गच्या संस्थेतर्फे चालणारा हरवलेल्या कलावस्तूंचा 'लॉस्ट आर्ट' डेटाबेस सगळ्यांना खुला आहे, त्यात एकदा शोधून बघा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. वाटलं तर प्रत्येक चमच्याच्या मागे रिकाम्या जागेत अगदी बारीक तुमचीही अक्षरं घालून घ्या, छाप सोडून. युरोपातल्या जुन्या चांदीवर दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांची अक्षरं एकाखाली एक अशी सापडतात.

सेटमधल्या सुऱ्या काट्या-चमच्यांपेक्षा वेगळ्याच वाटतात, पात्यावर झोलिंगेन आणि रोस्टफ्राय लिहिलंय, पात्यावर ८०० कुठेच नाही. सुऱ्या नंतर घातल्यात का? (पुणे)

पात्यावर ८०० नसणारच, पातं पोलादी असतं, चांदीचा छाप असलाच तर मुठीवर, पात्याच्या मुळाशी बघा. रोस्टफ्राय म्हणजे न गंजणारं. एसेनच्या क्रुप कंपनीने असं पोलाद १९१२ मध्ये पेटंट केलं, आणि जेवणाच्या टेबलावर ते पहिल्या महायुद्धानंतर आलं. त्यामुळे चमचे १९०० चे आणि पाती रोस्टफ्राय असं दिसलं तर पाती बदलून घेतली आहेत, हे जर्मनीत सर्रास करायचे कारण जुनी पाती लिंबू-व्हिनेगरने काळी पडायची. मुठी जुन्याच असू शकतात. मुठीची नक्षी चमच्यांशी तंतोतंत जुळते का बघा, जुळत असेल तर सेट एकच. झोलिंगेन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, पण गावचं नाव पात्यांवर त्याच्या कितीतरी आधीपासून येतं, म्हणून त्यावरून तारीख काढू नका.

इतरही अक्षरांवरून खालची-वरची मर्यादा मिळते. डी.आर.जी.एम. (जर्मन साम्राज्यात नोंदवलेल्या रचनेची खूण) असेल तर १८९१ ते १९४५ च्या मधलं. 'मेड इन जर्मनी' असेल तर १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतरचं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०.

आणि मूठ आतून पोकळ असते, राळेसारख्या मसाल्याने भरलेली. वजनावर विकताना सुरी चांदी म्हणून मोजू नका आणि उकळत्या पाण्यात तर मुळीच टाकू नका, मसाला सुटून पातं निखळतं.

सराफाच्या मशीनवर चमचा ठेवला तर ८६ टक्के दाखवलं, छाप ८०० चा आहे. छाप खोटा की मशीन? (कोल्हापूर)

दोन्ही खरं असू शकतं. ते मशीन क्ष-किरणांनी फक्त वरचा अगदी पातळ थर वाचतं. ८०० चा माल बनवताना शेवटी तापवून सौम्य आम्लात काढायचे, त्याने वरचं तांबं निघून जातं आणि पृष्ठभाग पांढराशुभ्र, आतल्यापेक्षा जास्त चांदीचा होतो. जिथे चमचा झिजलाय, म्हणजे खोलगट भागाच्या मागे, तिथे परत लावायला सांगा, आकडा खाली येईल. याच कारणाने प्लेटेड चमचाही मशीनवर मस्त चांदी दाखवू शकतो, म्हणून मशीनवर पूर्ण भरवसा नको.

घरी करायची एक चांगली परीक्षा सांगते. दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या, त्यावर पाण्याचा उंच पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. मग कोरड्यात वजन केलेले सहा चमचे दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला-काठाला न लावता. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटीमीटर त्यांचं आकारमान. कोरडं वजन भागिले तो आकडा. ८०० चांदी असेल तर उत्तर १०.१ च्या आसपास, मुलाम्याचा माल असेल तर ८.७ च्या आसपास येतं. सहा चमचे ३६० ग्रॅमचे असतील तर चांदीला साडेपस्तीस, मुलाम्याला एकेचाळीसच्या वर, इतका फरक की चुकायला जागाच नाही. बुडबुडे चिकटलेले असतील तर झटका.

बाकी ८०० म्हणजे कमअस्सल असं सराफ म्हणाला असं तुम्ही लिहिलंय. आपल्या बीआयएसच्या चांदीच्या दर्जांतही ८०० आणि ८३५ आहेत. जेवणाच्या चमच्याला कडकपणा लागतो, शुद्ध चांदीचा काटा पहिल्याच बटाट्यात वाकेल. मोडीत मात्र घालू नका हो. मोडीत तुम्हाला फक्त धातूचे पैसे मिळतात, तेही घट कापून, आणि ब्रुकमानचा किंवा ब्रेमेनच्या कोख उंड बेर्गफेल्डचा पूर्ण सेट एकदा भट्टीत गेला की गेला.

'अल्पाका' छाप आणि अस्वलाचं चित्र असलेला चमचा बर्लिनचा का? आणि हल्ली वाणात देतात त्या जर्मन सिल्व्हरच्या करंड्यात किती चांदी असते? (डोंबिवली)

अस्वल बर्लिनचं नाही, ऑस्ट्रियातल्या बेर्नडोर्फच्या कारखान्याचं. बर्लिनच्या खऱ्या छापात अल्पाका असं कधीच लिहिलेलं नसणार. अल्पाका काय, आर्जेंटान काय, जर्मन सिल्व्हर काय, सगळा तोच तांबं-निकेल-जस्ताचा धातू, १८२० च्या दशकात सॅक्सनीत गाइटनर आणि बर्लिनमध्ये हेनिगर बंधूंनी चांदीला पर्याय म्हणून काढलेला. त्यात चांदी शून्य. करंडाही त्यातलाच, फार तर वर मुलामा. इंग्रजांच्या काळातल्या हॉटेल-क्लबांच्या चमच्यांवर ई.पी.एन.एस. असतं तेही याच धातूवर मुलामा.

काळे पडलेले चमचे कसे साफ करायचे? (रत्नागिरी)

रांगोळी आणि टूथ पावडर या दोन गोष्टी कपाटात परत ठेवा. दोन्हीत कण असतात, दरवेळी थोडी चांदी आणि थोडा छाप घेऊन जातात, मला आलेल्या फोटोंतले कितीतरी छाप असेच पुसट झालेत. भरीव साध्या चमच्यांना ॲल्युमिनियम फॉइल अंथरलेल्या भांड्यात गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून दोन-तीन मिनिटं ठेवा, चमचा फॉइलला टेकला पाहिजे, काळं परत चांदीत बदलतं, घासावं लागत नाही. पोकळ मुठीच्या सुऱ्या यात नकोत, आणि नक्षीच्या खाचांत मुद्दाम काळपट ठेवलेले चमचेही नकोत, उदाहरणार्थ हिल्डेसहाइमचा गुलाब असलेले, ती काळपट छटा गेली की गुलाब सपाट दिसतो. त्यांना मऊ कापड आणि चांदीचं पॉलिश, तेही छापाच्या जागेवरून हलक्या हाताने.

कोकणातल्या दमट हवेत ठेवताना सुती कापडात गुंडाळा आणि बंद डब्यात ठेवा. रबर बँड लावून गठ्ठे करू नका, रबरातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो आणि तो सहज जात नाही. अंडं आणि मीठ लागलेला चमचा रात्रभर तसाच सिंकमध्ये राहू देऊ नका, मिठाने बारीक खड्डे पडतात आणि ते पॉलिशनेही भरत नाहीत.